बारकी ‘येते’ म्हणाली

३ फेब्रुवारी

आज लिहायला बसले, कारण आज लिहिण्यासारखं काहीतरी घडलं. एरवी माझ्या दिवसात असतं काय? कुणाची पँट आखूड करा, कुणाची कंबर सैल करा. कपडे अल्टर करण्याच्या दुकानात माणसं आपलं वाढलेलं पोट घेऊन येतात आणि दोष कापडाला देतात.

संध्याकाळी बारकी आली होती. बारकी म्हणजे माझी धाकटी बहीण. तिने पन्नाशी ओलांडली, तरी माझ्या तोंडी बारकीच बसलंय. आई गेल्यापासून आमचं येणं-जाणं कमी झालंय. भांडण नाही, अबोला नाही, नुसतं कमी झालंय. धुऊन धुऊन कॉलर विरते, तसं. ती येते तेव्हा मी मशीनवर असते, मला सवड होते तेव्हा ती दातांच्या दवाखान्यात लोकांना नंबर देत असते. आजही बराच वेळ गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसून होती, पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत. मला एका कोटाचं अस्तर उद्या द्यायचं होतं. “काही काम होतं का गं?” विचारलं, तर म्हणाली, “नाही, सहजच.”

समोरच्या ट्रॅव्हलवाल्याने काचेत नवीन पोस्टर लावलंय. नदी, कमानींचा पूल, लाल ट्राम. बारकी बघत होती. म्हणाली, “ताई, ही तीच ना गं राजधानी? मला कधीच आठवायची नाही ती?” आम्ही दोघी हसलो. शाळेत असताना युरोपातल्या राजधान्या मी तिच्याकडून पाठ करून घ्यायचे. बाकीच्या घडाघडा म्हणायची आणि या एकीपाशी गाडी अडायची. मी वेणी ओढायचे, तरी नाही. तेव्हा इथेही मी त्या शहराचं नाव लिहीत नाही. विसरलेली राजधानी म्हणू.

ती बूट घालायला उठली आणि मला एकदम सुचलं. मशीन चालूच होतं, तोंडात टाचण्या होत्या. तशीच म्हणाले, “चल, जाऊ या तिथे दोघी. मार्चात, चारच दिवस. येतेस ना?” ती दारात एका पायावर उभी राहून नाडी ओढत होती. म्हणाली, “बरं ताई, येते.”

एका शब्दात! नवऱ्याला विचारते नाही, पुढच्या वर्षी बघू नाही. येते. मी इतकी खूश झाले की अस्तर उलटं लागलं आणि परत उसवावं लागलं.

६ फेब्रुवारी

भूगोलवाले सर आले होते. निवृत्त शिक्षक. दिवसेंदिवस बारीक होत चाललेत, त्यामुळे त्यांची कुठली ना कुठली पँट कायम माझ्याकडे असते. ऐन तारुण्यात एकदा ते विसरलेल्या राजधानीला जाऊन आलेत आणि तेव्हापासून तिथले महापौर असल्यासारखे बोलतात. “पहिल्या दिवशी संग्रहालय अजिबात नाही. नुसतं नदीकाठानं चालायचं. किल्ला सकाळी, पूल संध्याकाळी.” मग म्हणाले, स्टेशनाबाहेर टपाल कचेरी आहे, तिथून घरी ट्रंक कॉल लावता येतो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. पण पहिल्या दिवशी संग्रहालय नको, हे पटलं.

दुसऱ्या दिवशी मात्र बाहुल्यांच्या संग्रहालयात जायचं. बारकी लहानपणी माझ्या उरलेल्या चिंध्यांच्या बाहुल्या करायची. अजून आवडत असतील का? असतीलच. माणसाची आवड काय रोज बदलते?

तिला यातलं काही सांगायचं नाही असं ठरवलंय. तारीखसुद्धा तिकिटं हातात आल्यावरच कळवायची. मी पहिल्यापासून अशीच, फ्रॉक पुरा झाल्याशिवाय तिला दाखवायचे नाही. तिला आवडायचाच. निदान घालायची तरी.

१० फेब्रुवारी

दुपारी बारकीला फोन केला. म्हटलं, “मार्चचं काय केलंस? दवाखान्यात बोललीस का?”

“तुला कुणी सांगितलं?”

“कुणी कशाला सांगायला हवं? मला माहीत नाही का?”

“मी सांगणारच होते, ताई. त्या दिवशी...” आणि मग हळूच, “दवाखान्याचं झालं सगळं. मार्चपासून मोकळीच आहे मी. तू रागावली नाहीस ना?”

“रागावू कशाला, वेडे? मला तर आनंदच झालाय.”

“खरंच?”

“खरंच म्हणजे काय! कधी एकदा मार्च येतो असं झालंय.”

तिने नाक ओढलं. आवाज भरल्यासारखा वाटला, सर्दी असेल. तेवढ्यात दुकानात नवरामुलगा फिटिंगला आला, म्हणून मी ठेवला. डॉक्टर खडूस आहे असं ती नेहमी सांगते, पण सुट्टी तर एका बोलण्यात दिली की. उगाच नावं ठेवते.

तारखा ठरवल्या. बारा मार्चला जायचं.

१४ फेब्रुवारी

बारकी येऊन दोन जाडजूड कोट टाकून गेली. एक तिचा, एक नवऱ्याचा. “आतून गरम अस्तर लावून दे, ताई. तिकडे हाडं गोठतात म्हणे.” म्हणजे तयारी जोरात आहे! सर म्हणाले होते की मार्चात तिथे झाडांना पालवी फुटते, पण सरांचा मार्च कुठल्या काळातला कोण जाणे.

नवऱ्याचा कोट मात्र मी दोनदा उलटून बघितला. विचारलं, “त्यांचाही?”

“मग? त्यांना काय इथेच सोडून जाऊ?” असं म्हणून हसली.

तिच्या नवऱ्याला मी मनातल्या मनात हवामान खातं म्हणते. माणूस सज्जन आहे, पण कुठल्याही विषयावरून वाऱ्याच्या दिशेवर येतो. आता निवृत्त झाल्यापासून तर दिवसातून दोनदा अंदाज वर्तवतो. चार दिवस मी ते ऐकायचं? ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि खोली दोन पलंगांचीच घेतली. तो आलाच तर ट्रामच्या थांब्यावर झोपेल.

तिच्या कोटाला अस्तर लावताना लक्षात आलं की तिचे खांदे किती उतरलेत. मी माप न घेताच कापायला निघाले होते, जुनं माप पाठ होतं ना. बरं झालं, आधी कोट पसरून बघितला.

२० फेब्रुवारी

हवामान खातं स्वतः दुकानात अवतरलं. कापडाचे तागे ज्यांत येतात ते खोके हवे होते. “किती?” विचारलं. “असतील तेवढे सगळे द्या, ताई.” माळा आवरायला काढला असणार. निवृत्त पुरुषांना माळे फार दिसतात.

निघताना खोके काखेत धरून म्हणाला, “तुम्ही इतकं सहज घ्याल असं वाटलं नव्हतं. आम्हाला धाकधूक होती.”

मी म्हटलं, “त्यात काय एवढं? चार दिवसांचा तर प्रश्न आहे.”

“हो, खरंय. दिवस काय, भराभर जातात,” असं म्हणून तो ढगांकडे बघत गेला. म्हणजे येत नाहीये! बायकोला एकटीला सोडायची धाकधूक होती बिचाऱ्याला. उगाच त्याला थांब्यावर झोपवलं मी. माणूस चांगला आहे.

२३ फेब्रुवारी

कालपासून मनात एक शंका वळवळतेय. बारकी एकदाही विचारत नाही, विमान कधीचं, राहायचं कुठे, बघायचं काय. लहानपणी सहलीला जायचं म्हटलं तर आठवडाभर डोकं खायची. मीच सांगत नाही म्हणून ती विचारत नाही, अशी समजूत घालून घेतली. पण मी तरी का सांगत नाही? खरं सांगायचं तर भीती वाटते. विचारलं आणि ती म्हणाली, “अगं, नाही जमत,” तर? न विचारता ‘येते’ आहे तोवर येते आहे.

गुरुवारी तिकिटं घेऊन तिच्या घरीच जाते. सगळा बेत कागदावर लिहिलाय, सुवाच्य अक्षरात.

२६ फेब्रुवारी

गेले. लिहवत नाही, पण लिहिते.

बारकीने दार उघडलं. बैठकीत पडदे नव्हते. भिंतींवर जिथे फोटो होते तिथे फिकट चौकोन होते. मधोमध माझ्या दुकानाचे खोके, एकावर एक, दोरीने बांधलेले. मला वाटलं, रंग काढायचाय घराला. तसं विचारलंही. तिने माझ्याकडे विचित्र नजरेनं बघितलं.

“ताई, सहा तारखेला निघतोय ना आम्ही.”

“सहा नाही, बारा,” मी म्हटलं आणि तिकिटं पुढे केली.

तिने ती वाचली. परत वाचली. मग खोक्यावरच बसली. मग सगळं बाहेर आलं. भाचीला बाळ झालं हे मला माहीत होतं. भाची परत नोकरीवर जातेय, बाळाला बघायला कुणी नाही, म्हणून ही दोघं घर सोडून तिच्याकडे जाताहेत, त्या बर्फाच्या गावात, कायमची. हे मला माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी स्टुलावर बसून पट्टा गुंडाळत होती, ती हेच सांगायला आली होती.

“मग सांगितलं का नाहीस?”

“तू मशीनवर होतीस. मान वर करशील म्हणून वाट बघितली, मग निघाले.”

“आणि येते म्हणालीस ते?”

“येते म्हणजे निघते, ताई! जाते म्हणू का दारातून?”

“मी विचारलं होतं, चार दिवस येतेस ना म्हणून!”

“तुझ्या तोंडात टाचण्या होत्या. मला नुसतं हूं हूं ऐकू आलं.”

सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणतात. माझ्यासारखं कुणी गाठला नसेल, सूतच माझ्या हातात असतं दिवसभर.

मग ती जे बोलली ते फार लागलं. “मला वाटलं तुला कळलंय. फोनवर म्हणालीस, आनंद झालाय, कधी एकदा मार्च येतो असं झालंय. मी रडले त्या दिवशी. म्हटलं, ताईला माझं जाणं इतकं सोपं वाटतंय.”

हवामान खातं आतून दोन पेले पाणी घेऊन आलं आणि पहिल्यांदाच एक अक्षर न बोलता परत गेलं.

तिने माझा कागद वाचला. बाहुल्यांपाशी थांबली. “मला बाहुल्या कधीच आवडायच्या नाहीत गं. तू चिंध्या राखून ठेवायचीस म्हणून करायचे.” मग डोळे पुसून म्हणाली, “मी असं करते, ते पुढे जाऊ देत. मी थांबते, तुझ्याबरोबर जाऊन येते, मग तिकडे जाईन.”

आणि मी काय म्हणाले? म्हणाले, “नको. राहू दे. तुझ्या लेकीला गरज आहे. मी रद्द करते सगळं.”

मला वाटलं, ती म्हणेल, असं काय करतेस, ताई, येतेच मी. एकदा तरी म्हणेल. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “बरं.”

१ मार्च

दुकानात चार कपडे बिघडवले. फोन वाजला की धावते. प्रत्येक वेळी गिऱ्हाईकच.

आम्ही दोघी एकाच आईच्या मुली ना? आमच्या घरात कुणी पहिल्या ‘नको’ला नको समजलं आहे का कधी? पाहुण्यालासुद्धा दुसऱ्यांदा विचारतात. मी तिच्या निरोपाला होकार समजले ती माझी चूक, कबूल. पण माझ्या रुसण्याला तिने नकार का समजावा? की तिला कळलं होतं आणि तिला यायचंच नव्हतं? की माझ्याच तोंडून एकदाचं नको ऐकून सुटल्यासारखं झालं तिला? उचलावा फोन आणि सांगावं, बारके, थांब, मला तुझ्याबरोबर चार दिवस हवेत. एवढं एक वाक्य. पण ते काही तोंडातून निघत नाही, आणि आता तर टाचण्याही नाहीत तोंडात.

५ मार्च

बारकी निरोप घ्यायला आली. मी मशीन बंद केलं होतं. सकाळपासूनच बंद केलं होतं, न जाणो, कधीही येईल. दुकानाच्या दोन्ही खुर्च्या पुसून समोरासमोर मांडल्या होत्या. बोलण्यासारखं इतकं होतं की आम्ही कोटाविषयी बोललो. खांद्यात बरोबर बसतो का? बसतो. बाह्या लांब नाहीत ना? नाहीत. घालून दाखव म्हटलं. तिने घातला, मी उगाचच खालची दुमड ओढून सरळ केली. सरळच होती.

“तिकिटांचं काय केलंस?” तिने विचारलं.

“केली रद्द.” केली नव्हती.

ती काहीतरी बोलणार होती. मी थांबले. तीही थांबली. रस्त्यावर हवामान खात्याने गाडीचा हॉर्न वाजवला.

दारात तिने नाडी बांधली, सरळ उभी राहिली आणि माझ्याकडे बघून, एकेक शब्द स्वच्छ उच्चारत म्हणाली, “जाते मी, ताई.”

आमच्या घरात हा शब्द दारात कुणी उच्चारत नाही. आईने तोंडावर हात ठेवला असता. पण बारकीने मुद्दाम म्हटलं, माझा परत गैरसमज व्हायला नको म्हणून. मी म्हणाले, “नीट जा.” तिला मिठी मारायला हवी होती. कोट चुरगळेल असं काहीतरी मनात आलं बहुतेक. काय मेली अक्कल माझी.

८ मार्च

भूगोलवाले सर पँट न्यायला आले. “निघालात का मग राजधानीला?” मी म्हटलं, “बहिणीला जमत नाही.” तर म्हणतात, “मग एकट्या जा. मीही एकटाच गेलो होतो.” विचारलं, “कसं वाटलं होतं?” बराच वेळ चष्मा पुसत बसले. म्हणाले, “पूल फार सुंदर आहे. कुणाला तरी म्हणावंसं वाटत होतं, बघ केवढा सुंदर आहे.” पँट घेतली आणि कंबर न तपासता गेले.

तरीही मी जाणार. रागच आला एकदम. सगळ्यांचीच कामं असतात, लेकी असतात, नाती असतात. माझे चार दिवस कुणी ठेवून घेतलेत का? जाऊनच दाखवते. कुणाला दाखवणार ते माहीत नाही.

१२ मार्च

पोचले. खोली छान आहे. दोन पलंग, एक खिडकीपाशी, एक भिंतीपाशी. मी भिंतीकडचा घेतला आणि पिशवी ठेवल्यावर लक्षात आलं, खिडकीचा मी कुणासाठी सोडलाय. मग मुद्दाम खिडकीच्या पलंगावर जाऊन बसले. थोड्या वेळाने उठून परत भिंतीकडे आले.

पहिल्या दिवशी संग्रहालय नाही. नदीकाठानं चालले. बाकावर बसून हसायला आलं, कारण इथले पुरुष फार आखूड पँटी घालतात. शेजारी वळून सांगणार होते.

१३ मार्च

किल्ला पाहिला. बाहुल्यांचं संग्रहालय गाळलं. दारापर्यंत जाऊन आले तेवढं.

संध्याकाळी पुलावर गेले. सरांनी खोटं सांगितलं नव्हतं. पाण्यावर ऊन होतं आणि एकेक कमान पाण्यात उतरून गोल पुरा करत होती. अर्धा पूल चालले असेन, तेवढ्यात फोन वाजला. बारकी. तिकडून पहिलाच.

बाळ गोड आहे. थंडी भयंकर आहे. कोट अगदी अंगासरसा बसतो. मग म्हणाली, “ताई, आज तारीख बघितली आणि आठवलं. आज आपण तिथे असतो, नाही?”

“हो ना,” मी म्हटलं.

“कुठेयस? आवाज कसला येतोय? घंटा वाजल्यासारखी?”

लाल ट्राम अगदी शेजारून चालली होती. “दुकानातच. सायकलवाला गेला समोरून.”

“ऐक ना. त्या दिवशी मी बरं म्हणाले, ते चुकलंच माझं. तू नको म्हणालीस ते खरं नव्हतं, मला तेव्हाच कळलं होतं. पण मला भीती वाटली, अजून एकदा विचारलं आणि तू परत नको म्हणालीस, तर? म्हणून विचारलंच नाही. इथे आल्यापासून तेच डोक्यात आहे. पुढच्या वर्षी जाऊ, दोघीच. बाळ चालायला लागलं की मी येईन. अगदी खरं येईन. पण तोवर तू एकटी जाऊन बघून येऊ नकोस हं. मला ती पहिल्यांदा तुझ्याबरोबरच बघायचीय. नाही ना बघणार?”

मी पुलाच्या मधोमध उभी होते. समोर सगळं होतं, नदी, किल्ला, पलीकडचे मनोरे. मान खाली घालून स्वतःच्या बुटांकडे बघितलं.

“नाही बघत,” म्हणाले.

तशीच मान खाली घालून परत आले. पुलाचा दुसरा अर्धा भाग राहिला. उद्या आणि परवा आख्खं शहर बाकी होतं, बाजार, बाग, जुनी गल्ली. जे बघून झालंय त्याला आता इलाज नाही. काही बघितलंच नाही असं तिला सांगेन, खोटं बोलायची सवय आता लागलीच आहे.

१४ मार्च

खोलीतच आहे. सकाळीच पडदा ओढून घेतलाय. खाली ट्रामची घंटा वाजते तेवढी ऐकू येते. ऐकू नकोस असं काही ती म्हणाली नव्हती.